गावची गाणी, दोघांचा अल्बम : लाखभर रुपयांचा हिशेब

तुमसरहून निघालेला रस्ता सिहोरा, बपेरा करत बावनथडी ओलांडतो आणि मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात शिरतो. या पट्ट्यात गाण्यांना तोटा नाही. दिवाळीनंतरच्या मंडईतली दंडार आणि खडी गंमत, गावोगावची खंजेरी भजनं, महादेवाच्या यात्रेची गाणी, रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून बायका म्हणतात ती गाणी. नदीच्या दोन्ही काठांवर मराठी, पोवारी आणि हिंदी एकमेकींत मिसळतात, तशा चालीही मिसळतात. तोटा आहे तो या गाण्यांच्या नीट केलेल्या ध्वनिमुद्रणाचा. मोबाइलवर काढलेल्या चित्रफिती ढिगाने सापडतात, पण त्यात ढोलकीचा धुम्मा ऐकू येत नाही आणि गाणाऱ्याचं नावही कुठे नसतं.

म्हणून इथला एक पेटीवाला आणि एक ढोलकीवाला, दोघे जुने मित्र, आपल्या भागाच्या गाण्यांचा अल्बम काढू म्हणतात, तेव्हा ते काम मला फार मोलाचं वाटतं. ते अर्ध्यात सुटू नये. आणि सुटतं ते बहुतेक वेळा पैशामुळे, किंवा पैशाबद्दल आधी न बोलल्यामुळे. खालचा हिशेब ८ गाण्यांच्या, ३५ ते ४० मिनिटांच्या अल्बमचा आहे. त्यातले दर अंदाजपत्रकासाठी धरलेले आहेत. माणूस, हंगाम आणि स्टुडिओ यांप्रमाणे ते वरखाली होतील, म्हणून प्रत्येक कामाचं लेखी कोटेशन घ्या.

बहुतेकांचा पहिला पैसा माइकवर जातो. माझं सांगणं याच्या उलट आहे. पहिला पैसा साथीदारांना, दुसरा वाद्यांना आणि जागेला, यंत्राला सगळ्यात शेवटी.

साथीदारांची बिदागी

दोघा मित्रांनी स्वतःचं मानधन नंतर घ्यायचं ठरवलं तरी तुणतुणंवाला, डफवाला, टाळवाला आणि झील धरणारा यांना तसं सांगता येत नाही. 'अल्बम चालला की बघू' हे वाक्य साथीदाराला सांगूच नका. चार साथीदार, ध्वनिमुद्रणाचे ३ दिवस, दिवसाला प्रत्येकी १,५०० रुपये धरले तर १८,००० होतात. तालमीला येण्याचे प्रत्येकी ५०० रुपये वेगळे. चार तालमींचे ८,०००. दोन गाण्यांत पाच बायकांचा गट गाणार असेल तर एका दिवसाचे प्रत्येकी १,००० प्रमाणे ५,०००. एकूण ३१,०००.

बायकांचे पैसे गटप्रमुखाच्या हाती एकत्र देऊ नका, प्रत्येकीला वेगळे द्या. त्यांची बिदागी त्या दिवशी बुडणाऱ्या रोजीपेक्षा स्पष्टपणे जास्त असली पाहिजे. रोवणीच्या दिवसांत चांगल्या हाताला मजुरी चढी मिळते, आणि रोवणीची गाणी म्हणणाऱ्या बायका नेमक्या तेव्हाच शेतात असतात. बांधीतला तो खरा आवाज हवा असेल तर तिथे जाऊन छोट्या रेकॉर्डरवर नमुना घ्या, चाल आणि शब्द टिपून घ्या. पक्कं मुद्रण रोवणी आटोपल्यावर, त्यांच्या सोयीच्या दिवशी करा.

तालमींचा चहा, जेवण आणि पेट्रोल यांना ४,००० रुपये बाजूला काढा. ही रक्कम क्षुल्लक वाटते, पण कोणीतरी एकटाच ती खिशातून भरत राहतो आणि कुरबुरी तिथूनच सुरू होतात.

वाद्यं आधी दुरुस्त

४,००० रुपये वाद्यांवर घाला. पेटी पेटीवाल्या कारागिराकडे नेऊन सुरात लावून घ्या. भजनी मंडळाच्या जुन्या पेटीचे काही सूर उतरलेले असतात. मंडपात ते खपून जातं, मुद्रणात प्रत्येक ओळीला टोचतं, आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने ते धड सुधारत नाही. सोबत बासरी किंवा गिटार घेणार असाल तर पेटीची पट्टी त्यांच्याशी जुळते का, हे महिनाभर आधी वाजवून बघा. ढोलकीचं पान आणि शाई नवी करायची तर तीही पंधरा दिवस आधी. नवं पान बसायला वेळ लागतो.

स्टुडिओ नागपूरचा की शाळा गावची?

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. नागपूरच्या साध्या स्टुडिओचा दर तासाला ८०० रुपये धरा. गाण्याला ५ तास म्हणजे ८ गाण्यांना ४० तास, ३२,००० रुपये. पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटीचे ५,७६० वर, म्हणजे ३७,७६०. सात माणसं आणि वाद्यं नेणारी गाडी, दिवसाला ५,००० प्रमाणे ४ दिवसांचे २०,०००. मुक्काम आणि जेवण माणशी दिवसाला ७०० प्रमाणे १९,६००. बेरीज ७७,३६०. यात साथीदारांचा वाढलेला चौथा दिवस धरलेलाच नाही.

दुसरा मार्ग म्हणजे यंत्र घेऊन येणारा ध्वनिमुद्रक गावात बोलावणं. दिवसाला ६,००० प्रमाणे ३ दिवसांचे १८,०००, प्रवासाचे ३,०००, राहण्याजेवणाचे ३,०००. सुटीतली शाळा किंवा समाजमंदिर मिळालं तर देणगी म्हणून २,००० आणि बिछायतवाल्याकडून गाद्या, जाड पडदे, सतरंज्या यांचे १,५००. सगळं मिळून २७,५००. जवळपास ५०,००० रुपये वाचतात, आणि माणसं आपल्या गावात, रात्री घरी झोपून, मोकळ्या गळ्याने गातात.

स्टुडिओ सोडून गावात मुद्रण केलं म्हणजे काम कमअस्सल झालं, असं समजू नका. पंडित विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांचा 'अ मीटिंग बाय द रिव्हर' हा १९९३ साली आलेला अल्बम कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या एका चॅपेलमध्ये मुद्रित झाला. वादक एकत्र बसले, खोलीचा गुंजारव धरून माइकची जोडी लावली, आणि वाजवलं. १९९४ साली त्याला ग्रॅमी मिळालं. आफ्रिकेतल्या माली देशाचे अली फार्का तुरे आणि तुमानी जाबाते यांनी 'इन द हार्ट ऑफ द मून' बामाको शहरात, नायजर नदीकाठच्या एका हॉटेलात मुद्रित केला. तो २००५ साली आला आणि त्यालाही ग्रॅमी मिळालं. दोन्ही ठिकाणी दोन जाणकार वादक समोरासमोर बसले होते, आणि जागा कानाने निवडलेली होती.

एकत्र बसून वाजवण्याची एक अट आहे. एकाची चूक सगळ्यांच्या माइकमध्ये शिरते, ती वेगळी काढून दुरुस्त करता येत नाही. म्हणून तालमी भरपूर हव्यात, आणि एका गाण्याचे तीन-चार सलग प्रयोग घेण्याची तयारी हवी. ज्यांना तालमीला वेळ नाही त्यांनी स्टुडिओत एकेक वाद्य वेगळं मुद्रित करावं. त्यांना तो मार्ग महाग असला तरी सोयीचा पडेल.

जागा निवडताना आत उभं राहून टाळी वाजवा. आवाज खणखणत परत आला तर गाद्या आणि पडदे वाढवा. टिनाचं छप्पर टाळा. पावसात ते बोलतं आणि उन्हात तडतडतं. जवळ राइस मिल, आटाचक्की किंवा मोबाइल टॉवरचं जनरेटर असेल तर ती केव्हा चालतात ते विचारा. मुद्रण चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो, हे महिना ठरवतानाच लक्षात घ्या. शक्यतो बॅटरीवर चालणारी सामग्री मागवा, किंवा इन्व्हर्टर ठेवा. जनरेटर लावला तर त्याचीच घरघर मुद्रित होईल.

महिना कोणता

ऑक्टोबर ते डिसेंबर धानाची कापणी आणि मळणी. दिवाळी झाली की मंडई, आणि वडसा भागातून सुरू होणारा झाडीपट्टी नाटकांचा हंगाम. चांगला ढोलकीवाला किंवा गायक तेव्हा मोकळा सापडत नाही. सापडला तर रात्रभर जागलेला असतो आणि गळा बसलेला असतो. जून ते ऑगस्ट शेतीचे दिवस, शिवाय दमट हवेत चामडं सैल पडतं. एप्रिल-मेमध्ये उन्हाचा तडाखा, बंद पंखा आणि लग्नांचे डीजे. माझ्या मते महाशिवरात्रीची गायमुखची यात्रा आटोपल्यानंतरचे दोन-तीन आठवडे सगळ्यात बरे. दुसरा पर्याय पोळा आणि दिवाळी यांच्या मधला, पण त्यात पितृपक्ष आणि नवरात्र सांभाळावं लागतं. हंगामातल्या सुपाऱ्या सोडून कोणी तुमच्यासाठी येत असेल तर त्याला बुडालेल्या सुपारीएवढे पैसे द्यावे लागतील, आणि ते दिलेच पाहिजेत.

विकत काय घ्यायचं, काय नाही

दोन वाटांचा ऑडिओ इंटरफेस, कंडेन्सर माइक, हेडफोन, स्टँड आणि वायरी, एवढं साधं सामान घ्यायला गेलं तरी ४०,००० ते ५०,००० रुपये उठतात, संगणक वेगळाच. पहिल्या अल्बमला हे घेऊ नका. एवढ्या पैशात साथीदारांची बिदागी आणि वाद्यांची दुरुस्ती होऊन वर रक्कम उरते. घ्यायचाच असेल तर हातात मावणारा एक स्टिरिओ रेकॉर्डर घ्या, साधारण १०,००० ते २५,००० रुपयांचा. तालमी, म्हाताऱ्या गायकांच्या चाली, रोवणीचे नमुने यांसाठी तो पुढची कितीतरी वर्षं उपयोगी पडेल. हा खर्च मी अल्बमच्या हिशेबात धरलेला नाही, कारण अल्बम संपला तरी वस्तू राहते. ती कोणाच्या घरी आणि कोणाच्या मालकीची, हे घेतानाच ठरवा.

मिक्सिंगला गाण्यामागे २,५०० प्रमाणे २०,००० आणि मास्टरिंगला गाण्यामागे ७५० प्रमाणे ६,००० धरा. कोटेशनमध्ये 'किती वेळा दुरुस्त्या करून मिळतील' हे लिहून घ्या. तीन फेऱ्या पुरेशा असतात. मिक्सिंग करणारा ढोलकीला तबल्यासारखं किंवा सिनेमातल्या ढोलासारखं घडवू लागला तर त्याला खडी गंमत ऐकवा आणि तुमचा आवाज कसा हवा ते आधी सांगा. मुखपृष्ठाचं छायाचित्र आणि मांडणी ४,०००. गाणी ऐकण्याच्या ॲपवर पोचवणाऱ्या वितरकाचे वर्षाचे २,०००. करारांचे १,५००.

आता बेरीज : तालमी ४,०००, माणसं ३१,०००, वाद्यं ४,०००, मुद्रण आणि जागा २७,५००, मिक्सिंग-मास्टरिंग २६,०००, मुखपृष्ठ ४,०००, करार १,५००, वितरण २,०००. झाले १,००,०००. त्यावर अडीअडचणीला दहा टक्के ठेवा. म्हणजे १,१०,००० हाताशी असतील तरच तारीख ठरवा.

गाणं कोणाचं?

सगळ्यात महाग चूक इथे होते. 'लोकगीत आहे, म्हणजे कोणाचंच नाही' असं म्हणून आपण मोकळे होतो. खडी गंमतीतलं किंवा कलगी-तुऱ्यातलं गाणं असेल तर शेवटचं कडवं नीट ऐका. शाहीर तिथे आपली छाप ठेवतो. नाव सापडलं की ते गाणं पारंपरिक राहिलं नाही. तो शाहीर कधी वारला, घरात कोण आहे, हे शोधा. कायद्याने शब्द आणि चाल यांवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरचं वर्ष लागल्यापासून ६० वर्षं टिकतो.

आपल्या भागात हा प्रश्न लगेच येतो तो राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांबाबत. महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झालं. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या रचनांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत चालतो. देवळात भजन म्हणणं वेगळं आणि अल्बममध्ये घेऊन विकणं वेगळं. त्यासाठी हक्क सांभाळणाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. तुकारामांचे अभंग खुले आहेत, पण प्रत्येक चाल खुली नाही. लता मंगेशकरांनी गायलेल्या 'अभंग तुकयाचे'मधल्या चाली श्रीनिवास खळ्यांच्या आहेत, आणि खळे २०११ साली गेले. तुमच्या गावची भजनी चाल घ्या. अल्बमचं मोलही त्यातच आहे.

गाणं खरोखर पारंपरिक असेल तर वितरकाच्या अर्जात गीतकार आणि संगीतकार या रकान्यांत 'पारंपरिक' लिहा आणि स्वतःचं नाव 'संगीत संयोजन' म्हणून द्या. तिथे स्वतःला संगीतकार म्हणवून घेतलं आणि यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे जुळणारं गाणं आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, ते गाणं नोंदवलं, तर उद्या शेजारच्या गावातल्या मंडळाने तेच गाणं टाकल्यावर त्यांच्यावर दावा लागू शकतो. ज्या गावांनी हे गाणं जपलं त्यांचीच वाट आपण बंद करायची, हे मला अन्यायाचं वाटतं.

गाणाऱ्याचाही हक्क असतो. कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाला ५० वर्षांचं वेगळं संरक्षण आहे. म्हणून गाणाऱ्या प्रत्येक आजीकडून, काकूकडून साधं संमतिपत्र घ्या : कोणतं गाणं, किती बिदागी, पुढे उत्पन्न झालं तर किती वाटा. ते त्यांना वाचून दाखवा, लागलं तर पोवारीत सांगा, आणि अंगठा असेल तर साक्षीदाराची सही घ्या. अल्बमवर प्रत्येकीचं पूर्ण नाव आणि गाव छापा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघा अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि त्या ओव्या आज गाणारीच्या आणि गावाच्या नावासह वाचायला-ऐकायला मिळतात. 'महिला मंडळ, बपेरा परिसर' एवढंच लिहून भागवण्याचं कारण मग आपल्याला उरत नाही.

कॉपीराइटची नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. हक्क निर्मितीबरोबरच येतो. नोंदणीमुळे वादाच्या वेळी पुरावा मिळतो. नव्या शब्दरचनेला किंवा चालीला प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये सरकारी शुल्क आहे. आठही मुद्रणं नोंदवायची तर १६,००० होतात. मी म्हणेन, तुमची स्वतःची नवी दोन-तीन गाणी असतील तेवढी नोंदवा, बाकीचे पैसे वाचवा.

दोघांमधला कागद

मैत्री आहे म्हणून कागद नको, असं म्हणणाऱ्या मित्रांना मी आग्रहाने सांगेन : मैत्री आहे तोवरच कागद करा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. नोटरी आणि टंकलेखन धरून १,५०० रुपयांत काम होतं.

समजा एक मित्र नोकरीत आहे, तो ७७,००० घालतो. दुसरा शेती करतो, तो ३३,००० घालतो, पण चाली गोळा करण्याचं आणि तालमी घेण्याचं मुख्य काम त्याचं आहे. तर येणाऱ्या पैशातून आधी दोघांची गुंतवणूक ७०:३० या प्रमाणात फिटावी आणि त्यानंतरचं उत्पन्न निम्मं-निम्मं वाटलं जावं. ज्याच्याकडे पैसा जास्त त्याचाच अल्बम, असं होऊ नये. नव्या गाण्यांच्या शब्दांचा आणि चालीचा हक्क यात मिसळू नका. तो ज्याने रचलं त्याचा. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या वाट्याला कायद्याचंच संरक्षण आहे.

आणखी चार गोष्टी कागदावर हव्यात. दोघांपैकी एकट्याला कंपनीशी सौदा करता येणार नाही. वेगळे झाले तरी कार्यक्रमात दोघेही ही गाणी गाऊ शकतील. मूळ मुद्रणाची प्रत दोघांच्या घरी वेगवेगळ्या हार्डडिस्कवर राहील. एकाचं काही बरंवाईट झालं तर त्याचा वाटा घरच्यांना मिळेल. यूट्यूब वाहिनी आणि वितरकाचं खातं कोणाच्या ईमेलवर आहे तेही लिहा. पासवर्ड एकाकडेच राहिल्याने अडकलेले अल्बम पुष्कळ आहेत.

पैसा परत कुठून येतो

ऐकण्याच्या ॲपवरून फार आशा ठेवू नका. स्पॉटिफाय २०२४ पासून, बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याचे पैसेच देत नाही. एका ऐकण्याला दहा पैसे मिळतील असं धरलं तरी १,१०,००० फिटायला ११ लाख वेळा ऐकलं जावं लागतं. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा हवा तर १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचं पाहणं लागतं. वितरकाची वार्षिक फी परवडत नसेल तर राउटनोटसारखे वितरक आधी पैसे घेत नाहीत, उत्पन्नातले १५ टक्के ठेवतात. वार्षिक फीवाल्या वितरकाला विचारून ठेवा : फी भरली नाही तर गाणी खाली उतरवतात का?

खरा पैसा कार्यक्रमांतून येईल. अल्बम हाती असला की मंडईची सुपारी ठरवताना बोलणं बदलतं. मंडईत पेनड्राइव्ह विका; २५० रुपयांचा ड्राइव्ह गाण्यांसह ४०० ला देता येतो, आणि ट्रॅक्टरवर, घरच्या स्पीकरवर लगेच वाजतो. १०० विकले तर १५,००० सुटतात. नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राकडे आणि आकाशवाणी नागपूरच्या स्वरचाचणीला नाव देताना हेच मुद्रण नमुना म्हणून वापरा.

दोघांपैकी एकाने केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या फेलोशिपचा अर्जही जरूर करावा. २५ ते ४० वयाला कनिष्ठ, महिन्याला १०,००० रुपये. ४० पुढच्यांना वरिष्ठ, महिन्याला २०,०००. दोन्ही दोन वर्षांसाठी. झाडीपट्टीतल्या चालींचं संकलन हा विषय त्यात नीट बसतो. तुमच्या अल्बममध्ये गायलेला एखादा वयोवृद्ध शाहीर असेल तर त्याला राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज मानधन सन्मान योजनेचा अर्ज भरून द्या. त्यात पात्र ज्येष्ठ कलावंताला महिन्याला ५,००० रुपये मिळतात, आणि कलेतलं काम दाखवायला अल्बमवर छापलेलं नाव उपयोगी पडतं.

रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थांपैकी नवी गाणी रचणाऱ्याने आयपीआरएसचं आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी इसम्राचं (पूर्वीची इस्रा) सदस्यत्व कसं मिळतं ते अल्बम बाहेर येण्याआधीच पाहून घ्यावं. अर्जाला पॅन आणि बँकेचा तपशील लागतो, आणि गाणी नोंदवताना प्रत्येक मुद्रणाची ओळख असलेला आयएसआरसी क्रमांक उपयोगी पडतो. हा क्रमांक वितरक देतो. तो मिळाल्याच्या दिवशीच दोघांच्या वहीत उतरवून घ्या.